अर्धं मैदान

माँटेविडिओ, १७ फेब्रुवारी

हेबर,

उद्या आपलं फारोल फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीत खेळणार! अठ्ठावीस वर्षांनी! सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. पिठात मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं, मग पुन्हा. खिडकीवर आलेल्या गिऱ्हाइकांनी त्या खारट, तळलेल्या तोर्ता मुकाट खाल्ल्या, कारण त्यांचंही लक्ष जिभेवर नव्हतं.

पाकिटावर मुद्दामच काही लिहिलं नाही. माझं नाव दिसलं असतं तर तू ते तसंच चुलीत घातलं असतंस. तुझ्या खेळाडूंचे कपडे-बूट सांभाळणारा चिचे आहे ना, त्याला सांगितलंय, हे हेबरच्या कोटाच्या आतल्या डाव्या खिशात सरकव. तो म्हणाला, "अहो दोन्या निबिया, त्यांनी विचारलं तर?" म्हटलं, सांग, कुणाचं ते ठाऊक नाही. माझं नाव निघालं की या वस्तीतले पुरुष अपशकुन टाळायला हात कुठे नेतात, ते मी तुझी थोरली बहीण आहे म्हणून लिहीत नाही. चिचेचा एक हात तिथेच होता. पाकीट त्यानं दुसऱ्या हातानं घेतलं.

या सगळ्याचं श्रेय तुझं. तू ती पेनल्टी घालवलीस, फारोल खालच्या श्रेणीत गेलं, आणि रेडिओवाल्यानं माइक पुढे करताच तू रडत म्हणालास, "मी मारणार तेवढ्यात माझ्या बहिणीनं हाक मारली. ती मैदानात आली की असंच होतं." झालं. दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या पायाची ठरले. फाटकावरच्या गालेगोनं पुढच्या रविवारी मला अडवलं, तो अजून अडवतोय. तू दुसऱ्या संघांकडून खेळलास, गावोगाव कोच म्हणून फिरलास, आता परत येऊन आपल्याच संघाला वर आणलंस. माझ्या खिडकीवरून रोज जातोस आणि मान फिरवतोस.

मला तुझ्याकडून माफी नको. गालेगोला एवढंच सांग की निबियाला आत सोड. शेवटच्या रांगेत बसव, खांबाआड बसव. तोपर्यंत माझी गच्ची आहेच. तिथून उत्तरेचा गोल स्वच्छ दिसतो. दक्षिणेचा गोल स्टँडमागे जातो, तो मी फक्त ऐकते. अठ्ठावीस वर्षं मी अर्धंच मैदान बघतेय, हेबर.

उद्या जिंका!

निबिया


२४ फेब्रुवारी

हेबर,

जिंकलात! आणि तू पत्र वाचलंच नाहीस!

चिचे आत्ता येऊन गेला. हसत होता की रडत होता, मला कळेना. म्हणाला, "कोट काढताना त्यांना पाकीट सापडलं. उघडायला गेले आणि थांबले. म्हणाले, 'चिचे, हे कुठून आलं?' म्हटलं, ठाऊक नाही. तर म्हणाले, 'मग ठाऊक करूनही घेऊ नकोस. हे असताना आपण जिंकलो. उघडायचं नाही. पुढच्या सामन्याला नवं टाक.' मी म्हटलं, नवं कशाला, हेच ठेवू की. तर म्हणाले, 'अरे, हे वापरून झालं ना!'"

मी ओट्याला धरून हसले. अख्ख्या वस्तीची पनवती आता दर रविवारी तुझ्या छातीशी बसणार, आणि तुला पत्ता नाही!

चिचेला वाटलं मी नाही म्हणेन. हात जोडून उभा होता. म्हटलं, लिहिते रे बाबा. कोरा कागद घालून दिला असता तरी चाललं असतं, पण मला बोलायचंय. तू वाचणार नाहीस म्हटल्यावर तर मोकळं रान मिळालं. तेव्हा ऐक. तुझा डावा बॅक गाढव आहे. चेंडू आला की आधी आकाशाकडे बघतो. त्याला काढ.

निबिया


१४ एप्रिल

हेबर,

काढलास की त्याला! न वाचताच ऐकतोस!

गेल्या रविवारी दुसऱ्या अर्धात तुम्ही दक्षिणेला चढाई करत होतात, म्हणजे मी आंधळी. पण माझे कान तुझ्या डोळ्यांपेक्षा तयार झालेत. लोक 'ऊ' म्हणाले की चेंडू बाहेर गेला. 'ऊ' अर्ध्यातच तुटला की गोलकीपरनं अडवला. आणि कधी कधी आधी सगळं मैदान गप्प होतं, श्वास घेतल्यासारखं. तसं ते झालं, आणि मी पायरीवरून उठले. मग स्टँडचे पत्रे असे दणाणले की माझ्या दोरीवरच्या चादरी हलल्या! तुझ्या पुढच्या फळीतल्या यामांदूचा हेडर ना? रेडिओनं सांगायच्या आधीच मी शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, "निबिया, तू चेटकीण आहेस." म्हटलं, ते तर सगळ्यांना ठाऊकच आहे.

पाच सामने, चार विजय. शहरातले बडे क्लब आपल्याकडे आता वळून बघायला लागलेत. सान फेलिपेचे लोक गेल्या आठवड्यात म्हणत होते म्हणे, की फारोलचं मैदान म्हणजे चार घरांच्या मधलं परसू. असू दे परसू. त्या परसात या म्हणावं त्यांना.

तुझा आवाज बसलाय. मातेचा चहा पिताना त्यात थोडा मध घाल, आई घालायची तसं. आणि तो कोट धू. चिचे म्हणतो, जिंकतोय तोवर धुवायचा नाही असा तुझा हुकूम आहे. अरे, खेळाडू गुदमरून मरतील.

निबिया


८ जुलै

हेबर,

चार-शून्यनं हरलात! सालतोला जाऊन! आणि का, तर चिचे पाकीट विसरला!

तो सकाळी चिंब भिजून खिडकीवर आला. म्हणाला, "बसमध्ये बसल्यावर आठवलं. पहिला गोल झाला तेव्हा त्यांनी खिशात हात घातला, आणि माझ्याकडे असं बघितलं, दोन्या निबिया, मला वाटलं मीच आता उरुग्वे नदीत उडी टाकतो." परतीच्या सगळ्या प्रवासात तू त्याच्याशी बोलला नाहीस म्हणे. त्याला गरम तोर्ता दिल्या आणि आधी खाऊन घे म्हटलं.

खरं सांगू? आपण हरलो म्हणून मी रेडिओ बंद करून पालथा घातला होता. पण मध्येच हसूही आलं, देव मला माफ करो. मी आले की फारोल हरतं, आणि माझं पत्र नसलं तरी फारोल हरतं! मग मी करायचं तरी काय?

सोबत दोन पाकिटं देतेय. एक कोटात, एक चिचेच्या टोपीत, जास्तीचं.

निबिया


२० ऑक्टोबर

हेबर,

बस आधी. गेल्या महिन्यात काय झालं ते ऐक.

आपले अध्यक्ष दॉन एर्लिंदो स्वतः माझ्या दारात आले. हातात केकचं खोकं! अठ्ठावीस वर्षांत हा माणूस माझ्यासाठी रस्ता बदलत आला, आणि त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसून माझा माते पीत होता. डावा हात अर्थातच खिशात.

म्हणाले, "दोन्या निबिया, तुमच्यात एक शक्ती आहे."

"शक्ती? अपशकुनी म्हणता ना मला?"

"तेच ते. पण शक्ती कुठे वापरायची, हे महत्त्वाचं. आम्ही आणि सान फेलिपे, दोघांतच आता शर्यत आहे. तुम्ही त्यांच्या मैदानात जाऊन बसाल का? त्यांच्या लोकांत. त्यांचा गमछा घालून. मनापासून त्यांना पाठिंबा द्यायचा हं, नुसतं बसून चालणार नाही. तिकीट क्लबचं, बसचं भाडं क्लबचं."

मला वाटलं केकचं खोकं त्यांच्या टकलावर उलटं करावं. मग वाटलं, हेबर, मी अठ्ठावीस वर्षांत पूर्ण मैदान बघितलेलं नाही. दोन्ही गोल एकदम. मी म्हटलं, "जाते."

आणि गेले! समुद्राकाठचं मैदान, खुर्च्यांना पाठी आहेत, तुला सांगते! मी निळा गमछा गळ्यात घालून "सान फेलिपे, चला पोरांनो" म्हणून घसा फोडला. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला बिस्किटं दिली, म्हणाला, अशी निष्ठा हल्ली दिसत नाही. मग ते दोन-शून्यनं हरले. पुढच्या वेळी गेले, पुन्हा हरले. म्हातारा रडत होता आणि मी त्याची पाठ थोपटत होते. घरी आले तर दारात फुलं. अध्यक्षांकडून.

वस्तीत मी आता जाते तिथे लोक हात वर करतात. "निबिया! आमची तोफ!" म्हणतात. त्यांना वाटतं मला आनंद होतोय. थोडा होतोही, खोटं कशाला बोलू. पण तोफेला कुणी घरात घेत नाही, हेबर. गालेगोला परवा विचारलं, आता तरी आत सोडशील का? तो घाबरून दोन पावलं मागे गेला.

निबिया


१ डिसेंबर

हेबर,

उद्या शेवटचा सामना. आपण सान फेलिपेच्या एक गुण पुढे. जिंकलो तर आपण विजेते, मग त्यांनी काहीही करू दे. बरोबरी झाली आणि ते जिंकले, तर करंडक त्यांचा. दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होणार, आपला इथे, त्यांचा तिथे. वस्तीत कुणी जेवत नाहीये. चिचेनं तुझा कोट बघायला लोकांना रांगेत उभं केलंय, खरं सांगतेय!

अध्यक्ष पुन्हा आले. या वेळी केक नव्हता, नुसतं डोळ्यांत पाणी. "उद्या तिकडे बसा. शेवटचं."

मी विचार करतेय, आणि जितका करतेय तितका जीव टांगणीला लागतोय. उद्या मी तिथे बसले आणि सान फेलिपे हरलं, तर फारोल विजेतं, आणि मी जन्माची अपशकुनी. मग तू कधीच तुझं वाक्य मागे घेणार नाहीस, घेण्याची गरजच उरणार नाही. ते जिंकले, तर मी सुटले. पण मग फारोलचा करंडक धोक्यात. सांग, मी कशासाठी ओरडू?

तू वाचणार नाहीस, म्हणून लिहितेय. मला दोन्ही हवंय. मला करंडकही हवाय, आणि माझं नावही परत हवंय.

जाणार आहे मी. तो गमछा इस्त्री करून ठेवलाय.

तुझ्या डाव्या खिशातली,
निबिया


४ डिसेंबर

हेबर,

हे पत्र तू उघडशील. चिचेनं बाकीची सगळी पाकिटं बुटांच्या खोक्यात जपून ठेवली होती आणि काल ती तुझ्या हवाली केली, असं तो म्हणतो. तेव्हा वाच, पहिल्यापासून. तुझ्या डाव्या बॅकबद्दलचंही वाच. पण रविवारची माझी बाजू तुला ठाऊक नाही, म्हणून हे.

सान फेलिपेनं दहाव्या मिनिटाला गोल केला. मी उडी मारली. खोटी मारायला गेले, पण ती खरी निघाली! माझ्या देखत गोल केला, हेबर! मग दुसरा. मग तिसरा. बिस्किटवाल्या म्हाताऱ्यानं मला मिठी मारली, म्हणाला, "तुझ्यामुळे नशीब उघडलं!" असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. आणि त्याच वेळी शेजारच्या रेडिओवर ऐकलं: फारोल एक, पाहुणे एक. म्हणजे करंडक त्यांचा.

मध्यंतराला मी गमछा म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि बाहेर पळाले. टॅक्सीवाल्याला म्हटलं, फारोलच्या मैदानावर, उडव. तो म्हणाला, "बाई, तिथे आज मुंगी शिरणार नाही." म्हटलं, मी मुंगी नाही, मी निबिया लारोसा. त्यानं हात कुठे न्यायचा तिथे नेला आणि पुन्हा स्टिअरिंगवर आणला. आपल्या वस्तीचाच निघाला.

फाटकावर गालेगो.

"निबिया! तू इथे? तू तिकडे बसायचं होतंस!"

"बसले. ते तीन गोलांनी पुढे आहेत. माझ्या देखत! आता बोल, मी पांढऱ्या पायाची असते तर ते हरले नसते का?"

मला वाटलं होतं, आता हा ओशाळेल. त्याचा चेहराच पडला. "म्हणजे तू त्यांना जिंकवलंस? आम्ही तुला हरवायला पाठवलं होतं! तिकडे आमचा घात केलास, आता इकडे करायला आलीस?"

तेव्हा मला कळलं की ते हरोत किंवा जिंकोत, या लोकांच्या लेखी घात मीच केलेला असणार. कुठला पुरावा आणला असता तरी तो माझ्याच गळ्यात पडला असता. मग मला असा संताप आला की मी जाळीला दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडले, "हेबर लारोसा! तुझ्या डाव्या खिशात माझं पत्र आहे! फेब्रुवारीपासून माझंच आहे!"

तुझं बाकडं फाटकापासून किती जवळ आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तू वळलास. तुझा हात खिशाकडे गेला. चिचेनं तोंडावर टॉवेल घेतला आणि टॉवेलमधूनच म्हणाला, "हो. तिचीच. सगळी."

तू पाकीट काढलंस. पुढून बघितलंस, मागून बघितलंस. मला वाटलं, आता फाडणार. तू ते परत आत ठेवलंस आणि सामना चालू असताना मैदानाकडे पाठ करून फाटकाशी आलास.

"गालेगो, उघड."

अध्यक्ष धावत आले. "हेबर, डोकं ठिकाणावर आहे का? पंधरा मिनिटं राहिलीत!"

"वर्षभर हीच माझ्या खिशात होती, दॉन एर्लिंदो. तुम्ही घाबरला होतात का?"

कडी निघाली आणि मी आत आले. पहिल्यांदा मी काय बघितलं माहीत आहे? दक्षिणेचा गोल. डाव्या खांबाचा रंग उडालाय. जाळीला खाली एक भोक आहे, ते कुणीतरी पिवळ्या दोरीनं शिवलंय. अठ्ठावीस वर्षं मी ज्याचे आवाज ऐकले तो असा होता. तू पेनल्टी घालवलीस तोच.

आणि तिथेच यामांदूला पाडलं! पंचानं शिट्टी मारली, ठिपक्याकडे बोट दाखवलं. पेनल्टी! शेवटच्या मिनिटाला! माझ्या भोवती माणसं जमिनीवर बसली, कुणी डोळे झाकले, कुणी एकमेकांचे कान धरले. तू माझ्या शेजारी उभा होतास, कोटाला खरंच भयंकर वास येत होता.

तू म्हणालास, "ओरड."

"काय?"

"त्याच्या नावानं ओरड. तेव्हासारखं."

"हेबर, नको."

"ताई, ओरड म्हणतो ना!"

अठ्ठावीस वर्षांनी तू मला ताई म्हणालास आणि मी घशातला सगळा जीव काढून ओरडले, "यामांदू, मार!"

त्यानं मारली. खाली, मऊ, सरळ गोलकीपरच्या हातात.

ती शांतता तू पण ऐकलीस. मग सगळी डोकी एकेक करून माझ्याकडे वळली. हात खिशांकडे निघाले. मी शिट्टीची वाट बघितली आणि ती झाली. एक-एक. करंडक समुद्राकाठच्या लोकांचा. मला वाटलं आता फाटक कुठे आहे ते बघावं.

तेवढ्यात रेडिओवाला माइक घेऊन आला, आणि त्यानं माझ्याकडे बघत तुला विचारलं, "कोच, पेनल्टीच्या वेळी काय झालं?" मी खाली बघत होते. माझ्या बुटांवर चुना लागला होता. मला वाटलं, आता हा पुन्हा रडेल आणि पुन्हा म्हणेल.

तू म्हणालास, "काय होणार? वाईट मारली. दमला होता, पाय नीट पडला नाही. पोरगं चांगलं आहे, वर्षभर त्यानंच आम्हाला इथवर आणलं. दुसरे आलो आहोत, पुढच्या वर्षी खंडातल्या मोठमोठ्या संघांशी खेळायला जाणारोत आम्ही, हे विसरू नका."

मग माइक परत जायला निघाला तर तू त्याचं मनगट धरलंस.

"थांब. आणखी एक लोकांना ऐकव. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ह्याच गोलवर मी मारली होती ती पण वाईट मारली होती. मी घाबरलो होतो. बहिणीनं हाक मारली म्हणून नाही, मी घाबरलो म्हणून. खोटं बोललो होतो तेव्हा."

हेबर, मी करंडक मागितला होता आणि माझं नाव. देवानं एकच दिलं. पण मला तेव्हा एवढा आनंद झाला की मी हरलेल्या मैदानात मोठ्यानं हसले. लोकांनी मला वेडी समजून सोडून दिलं असेल. यामांदू रडत बसला होता, त्याला मी खेचून उठवलं आणि सांगितलं, सोमवारी खिडकीवर ये, तुला फुकट. तो आला, आठ खाल्ल्या.

आज सकाळी आणखी एक जण आला होता. तू उत्सुक असशील म्हणून लिहिते. मी कढई चढवली, मान वर केली तर खिडकीसमोर गालेगो. बोटांनी कट्ट्यावर तबला वाजवत होता. मग म्हणाला, "निबिया, दोन तोर्ता दे. साखर घालून."

नाव घेतलं माझं, मोठ्यानं, भर रस्त्यात. मी वाकून बघितलं. त्याचे दोन्ही हात कट्ट्यावर होते.

फेब्रुवारीत पहिल्या सामन्याला मी दक्षिण बाजूला बसणार आहे. आणि तो कोट मला धुवायला आणून दे.

तुझी ताई,
निबिया